कमरेला काय लावायचं

मी, वेल्डा ट्रॅमेल, कै. रॉइस ट्रॅमेल यांची पत्नी, धंदा कातड्याचे पट्टे व रिव्हॉल्व्हर अडकवायची होल्स्टर शिवणे, राहणार पिकेट फोर्क, टेक्सस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्याच हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नाही, असं माझा मुलगा गार्लंड थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, तेव्हापासून तर जरा जास्तच ठिकाणावर आहे. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, दुकान आणि बँकेतली शिल्लक गार्लंड आणि त्याची बायको शेल्बी यांना समसमान. बैठकीतली माझी खुर्ची कोणी घासूनपुसून नवी करायची नाही. तिच्या उजव्या हाताला ओरखडे आहेत, ते माझ्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचे आहेत आणि ते मी कष्टाने पाडलेत.

कलम २. रॉइसचं लांब नळीचं थोरलं रिव्हॉल्व्हर विकून टाकावं. नेम काय लागायचा त्याचा! पण बसताना बरगडीत घुसतं म्हणून रॉइस ते काढून गाडीच्या सीटवर ठेवायचा. कुंपणापाशी रानडुक्कर अंगावर आलं, तेव्हाही ते सीटवरच होतं. माणूस जन्मभर लंगडला आणि दोष मात्र डुकराला देत राहिला.

कलम ३. दुखावलेल्या मनगटाला बांधायचा माझा पट्टा बंदुकांचे दुकानदार क्लिंट हार्गिस यांना द्यावा. त्यांनी तो काउंटरवर टांगावा. बाई दुकानात शिरली की हा गृहस्थ सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर पुढे करतो. "घ्या मॅडम, खिशात आहे हे कळणारसुद्धा नाही!" अरे, खिशात कळणार नाही, पण हातात कळतं ना! जितकं हलकं, तितका झटका मोठा. हे त्याला चांगलं ठाऊक आहे. गेल्या नाताळात त्याने गार्लंडच्या गळ्यात तसली दोन मारली, एक माझ्यासाठी, एक शेल्बीसाठी. माझं मी एकदाच झाडलं आणि महिनाभर डाव्या हाताने कॉफी प्यायले.

कलम ४. माझं जड पोलादी रिव्हॉल्व्हर शेल्बीला द्यावं. गार्लंडला नाही. गार्लंड, हे दोनदा वाच.

कारण लिहून ठेवते. शेल्बी नर्स आहे, आडवाटेच्या घरांना एकटी जाते. जिची सेवा ती करत होती, ती एक म्हातारी वारली आणि तिचा मुलगा शेल्बीवरच उलटला. आता तो आपली राखाडी गाडी घेऊन तिच्या मागे मागे असतो. शेरिफला कळवलंय, पण शेरिफ तिथे पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाईल. मी तिला विचारलं, "नेमाचा सराव करतेस का गं?" तर म्हणाली, "मिस वेल्डा, खरं सांगू? मला त्या माणसापेक्षा त्या बंदुकीचीच जास्त भीती वाटते."

मी तिला माळावर घेऊन गेले. हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की पोरगी घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटायची. मग माझं दिलं. पहिल्या गोळीला दचकली, दुसरीला हसली आणि नंतर म्हणाली, "अजून गोळ्या आहेत?"

गार्लंडला सांगितलं, तर म्हणतो, "आई, ती काय दिवसभर कमरेला वीट बांधून हिंडणार आहे?"

"हिंडेल. तू नाही का ती ढेरी घेऊन दिवसभर हिंडत?"

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलेना का.

शेल्बी, जड लागेल, बोचेल, कमरेला घट्टा पडेल. पडू दे. झटका सोसायची वेळ आली तर तेच वजन तुझ्या बाजूने उभं राहील. पण ते अंगावरच हवं, रॉइससारखं सीटवर नको. म्हणून दुहेरी कातड्याचा रुंद पट्टा आणि अंगालगत बसणारं होल्स्टर शिवून मागच्या दाराजवळ टांगलंय. तुझ्या वाढदिवसाला मी एवढी लांबलचक मिठी मारली, ती माप घ्यायला. प्रेमाचीही होती म्हणा. खरं तर माझ्या मरणाची वाट बघू नकोस. हे वाचायची वेळ येण्याआधीच येऊन घेऊन जा.

कलम ५. गार्लंडने मला दिलेलं हलकं रिव्हॉल्व्हर मला पुरताना माझ्या कमरेला लावावं. रिकामं. यावर पास्टर लोमॅक्स कुरकुरले, "अहो बाई, वर कशाला हवंय ते?"

मी म्हटलं, "पास्टर, पोराने जीव लावून दिलंय, टाकवत नाही. आणि वागवायला याच्याइतकं सुखाचं दुसरं नाही. तिथे काही ते झाडायचं नाहीये."

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, एक शब्दही मागे न घेता सही केली.

वेल्डा ट्रॅमेल
पिकेट फोर्क, टेक्सस
१४ मार्च २०२३

साक्षीदार:
१. ड्युएला कँट्रेल, शेजारीण. सही करताना बाई पूर्ण शुद्धीत होत्या आणि मला ओरडत होत्या.
२. पास्टर आयरा लोमॅक्स. कलम ५ मला मान्य नाही, पण ते रिकामं आहे याची खात्री मी स्वतः करीन. कलम ४ मधला पट्टा शेल्बी सही व्हायच्या आधीच, आज सकाळी येऊन रिव्हॉल्व्हरसकट घेऊन गेली, कमरेला बांधूनच.