शेवटची वाव

३ डिसेंबर
आगरदांड्याला पोहोचलो! शिवदास आणि कमळ या कोळी दांपत्याकडे खोली मिळाली आहे. खिडकीतून थेट खाडी दिसते. आमच्या महाविद्यालयाने मला हिच्याखालची बुडालेली घळई मोजायला पाठवले आहे. हिमयुगात समुद्र सुमारे सव्वाशे मीटर खाली होता. तेव्हा नदीने बेसॉल्टच्या थरांत ही घळई कोरली. पुढे समुद्र चढला आणि ती गाळाने भरत गेली. त्या गाळाच्या थराथरांत हजारो वर्षांच्या पावसाची नोंद आहे. याहून जुने दप्तर कोणत्या कचेरीत मिळेल?

४ डिसेंबर
मऊ गाळावर पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा आकडा डळमळतो, म्हणून पडताळ्यासाठी शिसे बांधलेला दोर सोडतो. शिवदासने वाव शिकवली: पसरलेल्या दोन हातांत मावेल तेवढा दोर म्हणजे एक वाव. तळापर्यंत माझ्या हातांनी चौदा भरल्या. मोठ्याने मोजायचे काम मात्र त्याने माझ्यावरच सोपवले. "मास्तर, पोरांवर वरडून तुमचा गला तयार हाय!" खूप हसलो.

६ डिसेंबर
दोराच्या टोकाकडे दोन गाठी. मी बांधलेल्या नाहीत. दोहोंतले अंतर तीन मीटर चाळीस, म्हणजे बरोबर माझ्या दोन वावा. शिवदासने पेढे दिले. वर्षभर अंथरुणाला खिळलेला त्याचा मुलगा प्रणय आज उठून बसला म्हणे. मनापासून आनंद झाला.

७ डिसेंबर
चार गाठी. खालून वर येत आहेत. एवढे लांब हात कुणाचे?

८ डिसेंबर
पाच. कमळताई रडत सांगत होत्या: कोळी शेवटची वाव कधीच मोजत नाहीत. जो पुरती मोजतो, त्याच्यासाठी तळाशी असलेले ते आपल्या हातांनी दोर मोजत वर येते. गेल्या वर्षी प्रणयने पैजेवर मोजली होती. दुसऱ्या कुणी पुरती मोजली, तरच आधीचा सुटतो.
म्हणजे ते पेढे —

९ डिसेंबर, सकाळ
पहाटेच दोर कापून खाडीत फेकला. दहाच्या फेरीबोटीने निघणार. सामान भरायला खोलीत आलो, तर खुंटीवर तोच दोर. अखंड. ओला. सहा गाठी. माझ्या चौदा वावांत त्याच्या सातच बसतात —
दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. शिवदास दारापलीकडेच होता, हळूच म्हणाला, "मास्तर, एकुलता पोर हाय ओ." मग पावले दूर गेली.
माझ्याच हातांनी मोजवून घेतले त्याने. माझ्याच —
दोर सरकतो आहे. कुणी मोजते आहे. पाच. सहा. आवाज माझा आहे. पण माझे तोंड तर मिट—