मेली का?

२ फेब्रुवारी
आलो एकदाचा! जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारातच खोली मिळाली. खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात. माझं काम कन्व्हर्टरच्या खोलीत. तिथून हजारो व्होल्ट ओझोनच्या नळ्यांना जातात आणि त्या ओझोनने पाण्यातले जंतू मरतात. काम शिकवणारे फिटरकाका भलतेच गप्पिष्ट, राहतातही शेजारीच. काकूंनी आल्या आल्या जेवायला बसवलं. नको म्हणायची सोयच नव्हती.

५ फेब्रुवारी
इथली रीत शिकलो. बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये करंट उरतो. एकाने अर्थिंगचा दांडा टेकवून तो उतरवायचा. दुसऱ्याने पॅनलच्या दारातून विचारायचं, "मेली का?" पहिल्याने "मेली" म्हटलं, की लाइन खरंच मेली. मगच हात आत.
काकू सांगत होत्या, काका घरी इस्त्रीला हात लावतानाही हेच विचारतात. पाहुण्यांना वाटतं, बायकोचीच चौकशी चाललीय! हसून हसून पोट दुखलं.

११ फेब्रुवारी
काका गेले.
काल दुपारी. दांडा माझ्याच हातात होता. बहिणीने मोबाइलवर भाचीचे फोटो पाठवले होते, ते बघत बसलो. काकांनी विचारलं. दांडा न टेकवताच मी म्हणालो, मेली.
साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की काकांनी विचारलंच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता शब्द मागे कसा घेऊ?

१४ फेब्रुवारी
ठपका काकांवरच आला. काकू भेटेल त्याला सांगतात, न विचारता ते हात घालणं शक्यच नाही. लोक म्हणतात, बिचारी. मीही म्हणालो, बिचारी. थू माझ्या जिंदगानीवर.

१६ फेब्रुवारी
कन्व्हर्टर पुन्हा सुरू केला. गुणगुण तीच. पण त्यात काकांचा आवाज – मेली का?
मनाचे खेळ. दुसरं काय असणार.

१८ फेब्रुवारी
बंद पॅनलमधून. भर दुपारी. विचारतात, थांबतात, पुन्हा विचारतात. उत्तर मिळाल्याशिवाय काका कधी पुढे –
काकू अजून डबा पाठवतात. मलाच.

१९ फेब्रुवारी
काकू आल्या. जागा बघायची म्हणाल्या. मी बटण बंद केलं. तर आतून – मेली का?
त्यांनीही ऐकलं. म्हणाल्या, हे विचारतायत, कुणी उत्तर का देत नाही? आणि दार उघडून सरळ हात –
दांडा टेकवलाच नव्हता. मी ओरडलो, काकू, मेली नाही!
त्या थबकल्या. माझ्याकडे वळल्या. त्या दिवशीही मेली नव्हती का रे, असं विचारलं.
त्यांचा हात तिथेच, तारांपाशी आहे. खरं कळल्याशिवाय काढणार नाही म्हणतात. जीभ उचलत नाही म्हणून लिहितोय, वही त्यांच्यासमोर धरून – आतून काका पुन्हा – काकू, त्यांनी विचारलं होतं, मीच –