चाळीस सेकंदांत धाकटी

प्रिय दादा,
लांबूनच नमस्कार.

मला डॉक्टरीला प्रवेश मिळाला. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टरच का व्हायचंय?" मी आपल्या धाकटीच्या तापाबद्दल सांगायला लागले आणि मला रडू फुटलं. बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "पाल्हाळ नको. गेली कधी, ते आधी सांग. चाळीस सेकंदांत. आणि पाच वर्षांची नको, तीनची कर. ऐकणारा लवकर विरघळतो."

सगळ्या वर्गासमोर त्यांनी ते माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. सहाव्या वेळी रडू थांबलं. शेवटी बाई म्हणाल्या, "जमलं. आता शेवटच्या वाक्याला आवाज जरा कापू दे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

मुलाखतीत मी सगळं न अडखळता म्हटलं, आवाजही कापू दिला. तेवढ्यात एका वयस्कर परीक्षकांनी विचारलं, "नाव काय होतं गं तिचं?"

ते तयारीत नव्हतं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. पाण्याचा ग्लास पुढे करून ते म्हणाले, "राहू दे, बाळ."

दादा, मला नाव आठवतच नव्हतं. रस्त्यावर आल्यावर आठवलं.

जेवणाखाण्याचे हाल नाहीत. काळजी करू नका.

तुझी,
मधली