सासरचा डबा

अहो, मी फाट्यावर चालले. परातीतल्या दाण्या-लाह्यांच्या चिक्कीला हात लावू नका, पाक कच्चा राहिलाय. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघणार, तेवढ्यात आपल्या राजेश्वरीचा फोन आला. दर पंचमीला तिच्या सासरी आपण डबाभर चिक्की धाडतो, तर म्हणली, "आई, औंदा धाडू नको, मीच येते." मी लई हरखले. मग म्हणली, टेम्पो केलाय, शिलाई मशीन हाय सोबत. चार दिवसांच्या सणाला कुणी मशीन आणतं का? मला काहीच उमगंना. घरात बसवंना म्हणून वाटेवर जाऊन थांबते. ती आल्या आल्या तुम्ही काही विचारू नका. सासरचा डबा घासून ठेवलाय. भरू का नको, तेवढं सांगा.