शंकरपटासाठी शिट्टीयंत्र

७ जानेवारी १९५७
चांद्याच्या रेडिओ दुकानातली नोकरी सोडली. (‘सोड’ असं मालक माझ्या थोडं आधी बोलले.) पगाराऐवजी मोडका बॅटरी-रेडिओ उचलला. गाणं लागत नाही, पण तारेजवळ कोणी गेलं की किंचाळतो. मालक याला बिघाड म्हणतात!
कुरखेड्याकडच्या लटारूभाऊंच्या पडवीत मुक्काम. एका रात्रीपुरता.

९ जानेवारी
मुक्काम वाढला. मागच्या शंकरपटाच्या शर्यतीत लटारूभाऊ आणि दादाजी यांच्या बैलजोड्या बरोबरच पोचल्या. कोण आधी, यावर अजून भांडण. यंदा एका वेळी एकच जोडी सोडून वेळ मोजायची. पैज अशी की हरणाऱ्याचा आवडता बैल जिंकणाऱ्याकडे.
मी म्हटलं, माणसाचा डोळा चुकतो. शेवटच्या रेषेशी तार बांधू. बैल जवळ आला की शिट्टी, शिट्टी झाली की घड्याळ बंद. शर्यतीचे पंच एकमेकांकडे बघू लागले. बहुतेक प्रभावित.
लटारूभाऊंच्या पत्नी आशाबाई तेवढ्या म्हणाल्या, "पाखऱ्याले म्या बोटानं दूध पाजून वाढवलं, बाबू. माहा बैल जाईन असं काही करू नोको."
सायन्स आहे बाई, म्हटलं.

११ जानेवारी
ट्रायल. माझ्यावर शिट्टी. आशाबाईंवर शिट्टी, वर शिव्या. शेळीवर शिट्टी, शेळी दावं तोडून नाल्यापलीकडे. यंत्र फर्स्टक्लास.
लटारूभाऊ म्हणाले, "पाखऱ्यावर पाहून घे ना बे एकदा."
उद्या नक्की.

१२ जानेवारी
गावात नाटकमंडळी आली. त्यांची पेटी दुरुस्त करायला गेलो. आता ती आधीपेक्षा कमी वाजते. पाखऱ्या उद्या.

१३ जानेवारी
तालमीला बसलो. शिपायाचं काम मिळेलसं दिसतं. आणि बैलावर वेगळी ट्रायल कशाला? बैल म्हणजे शेवटी मोठी शेळी.

१५ जानेवारी, सकाळी
तार बांधली. लोक यंत्र बघायला जवळ येतात, ते किंचाळतं, लोक हसतात, पुन्हा येतात. किती वेळा सांगू, हे बैलांसाठी आहे!
पहिला मान आपल्या जोडीला, असा हट्ट धरला. मिळाला.

दुपारी
काय पळाला पाखऱ्या! तारेजवळ आला आणि यंत्र किंचाळलं. अगदी वेळेवर. पाखऱ्या जागीच थांबला. मग जोडीदाराला आणि हाकणाऱ्याला ओढत आला तसा उलटा गेला. लटारूभाऊ रेषेवर उभे राहून त्याला नावानं हाका मारत होते. मी बॅटरीची तार शोधत होतो. कुठली ते आठवेना.
दादाजी म्हणाले, "थे बोंबलणं उचला, मंग माही जोडी सोडतो."
उचललं. त्यांची जोडी चालत आली असती तरी जिंकली असती.

१६ जानेवारी
शिट्टीऐवजी दिवा हवा होता. पुढच्या वर्षी दिवा. लटारूभाऊंना सांगणार होतो, पण ते पाखऱ्याला दादाजींकडे पोचवून आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.
आशाबाईंनी भात वाढला. म्हणाल्या, "गोठ्यात जागा झाली, बाबू. तुहं यंत्र तिथी ठेव."
पुन्हा वाढायला आल्या. नको म्हणणार होतो. घेतला.