पूजेतलं पुस्तक

आश्विन शु. ६, सोमवार
कुसुमच्या गुरुजींनी बोलावलं, म्हणून गुळाच्या पेढीवरून तासाभराची सुट्टी काढली. चौथीत पोरीचं दुसरं वर्ष. वर्गापुढे उभं करून विहिरीचा धडा वाचायला लावला. पहिल्याच ओळीत अडली. पोरं हसली. मीही हसलो त्यांच्याबरोबर. का ते...
दसऱ्यानंतर शाळा भरेल त्या दिवशी हा धडा वाचायचा, नाहीतर दाखला घेऊन जा म्हणाले. छडी वापरू का, तेही त्यांनी विचारलं. म्हटलं, माझी ना नाही.
दाखला मिळाला तर कुसुमला कोडोलीला धाडायचं, माझ्या बहिणीकडे. तिला पोरं सांभाळायला कुणीतरी हवंच आहे.

शु. ७, मंगळ
देवघरासमोर बसवून तोच धडा दहा वेळा लिहायला लावला. अर्धी अक्षरं उलटी. म्हणाली, "अण्णा, अक्षरं हलत्यात." खोटं बोलते म्हणून फूटपट्टीच्या कडेने बोटांवर मारलं. तिची आई चुलीपासून म्हणाली, "मारून यायचं असतं तर कवाच आलं असतं."
नंतर आरती. माझा आवाज नेहमीसारखा लागला.

शु. ८, बुध
धडा घडाघडा म्हणाली. पेढे आणले. पेढा तिच्या हातात असताना सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. वाचता येईना. धाकटी मोठ्यानं वाचते, ते ऐकून पाठ केलेलं.
पेढा काढून धाकटीला दिला. तिनं अर्धा मोडून बहिणीपुढे धरला, तर मी डोळे वटारले.

शु. ९, गुरु
खंडेनवमी. पुस्तकं पूजेत मांडली. पाटीवरची सरस्वती कुसुमनं काढली. दोन्ही बाजू तंतोतंत. शेजारच्या चार घरच्या पाट्या आल्या तिच्याकडे. म्हणजे हात चांगला, नजर चांगली. मग...

शु. १०, शुक्र
सोनं वाटून आली. कालपासून घरात तिचं हसणं ऐकतोय. आमच्याकडे एकादशीला अक्षता टाकून पूजा हलवेपर्यंत पुस्तकाला कुणी हात लावत नाही. हसण्याचं कारण आज ध्यानात आलं.

शु. ११, शनि
सकाळची शाळा. पूजा हलवायला बसलो, अक्षता घेतल्या. कुसुम गणवेश घालून उभी. बोटं अजून सुजलेली.
"अण्णा, आजच्या दिवस पूजा ऱ्हाऊ दे की."
देवीकडे पाठ होती तिची. हात माझ्यापुढे जोडलेले.
आत्ता शाळेची घंटा झाली. ती दारातच आहे. उजव्या हातानं हे लिहितोय. अक्षता डाव्या मुठीत.