झाकोळचं खरं नाव

भामरागड, ९ मे १९८६

ती. हरिभाऊस,
सीताचा सविनय जयभीम, वि. वि.

तू काढलेल्या चित्रकथेचे अंक पोचले. दवाखान्याच्या पडवीत मी ते पोरांना दाखवते. मराठी त्यांना अर्धीमुर्धीच कळते, पण चित्रं डोळे फाडून बघतात. तुझा खलनायक झाकोळ दर अंकात नवं नाव, नवा वेष घेतो. कधी महंत, कधी दिवाण. या वेळी झाकोळ कोण, यावर पोरांची भांडणं होतात! गोष्ट संपली की मी त्यांना गोवराची लस टोचते. आधी नर्सबाई दिसली की पळायची, आता रांगेत बसतात. लहानपणी माझ्या बाहुलीला मिशा काढल्यास, ते सत्कारणी लागलं म्हणायचं. पुढचा अंक पावसाआधी पाठव, पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद.

मायेत अंतर देऊ नको.
तुझी सीता

बल्लारपूर, २ जून

चि. सीतेस, अनेक आशीर्वाद.

नवा अंक तुमच्या शाळेच्या मास्तरांच्या हाती पाठवला आहे. यात झाकोळ तेंदूपत्त्याचा ठेकेदार व्हायचा होता. पण मागच्या पानावर जाहिरात ठेकेदाराचीच. छापखान्याचे मालक म्हणाले, त्याले असं काई बनव का कोनी भांडाले येनार नाई. मग घाईत डॉक्टर जीवनदास केला. सुई टोचून पोरांना कायमचं झोपवतो. त्याची पेटी कशी काढावी सुचेना, म्हणून तुझ्या लसीच्या पेटीसारखीच काढली, लाल खुणेची. हसशील तू!

प्रकृतीला जप, आठवण ठेव.
हरिदास

भामरागड, ३० जून

ती. हरिभाऊस, जयभीम.

हसू आलं नाही. मास्तरांनी अंक परस्पर पोरांना दिला. आता पेटी दिसली की पोरं रानात पळतात, आया दारं लावतात. गावात गोवर शिरलाय. इतवारीची तान्ही पोर सोनी टोचायची राहिली आहे. पुढच्या अंकात डॉक्टरला खरा डॉक्टर कर रे. माझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या चित्रावर त्यांचा भरवसा आहे. मला फार भीती वाटते.

सीता

बल्लारपूर, १९ जुलै

चि. सीतेस, आशीर्वाद.

मालकांशी बोललो. डॉक्टरचा अंक हातोहात खपला म्हणून ते ऐकत नाहीत. आता झाकोळला बाई कर म्हणाले. पांढऱ्या साडीतली सिस्टर शांता. मी वाद घातला, आणि शेवटी काढून दिली. रागव, पण बोलणं टाकू नको. तो अंक तिकडे पाठवणार नाही, एवढं वचन देतो.

हरिदास

भामरागड, १४ ऑगस्ट

ती. हरिभाऊस,

तू पाठवला नाहीस, तरी अंक आला. त्यावर जाहिरात आहे ना, म्हणून ठेकेदाराच्या माणसाने डोंग्यातून नदीपार आणून घरोघरी फुकट वाटला.

सोनी परवा गेली. गोवराचा ताप छातीत उतरला होता. पेटी दवाखान्यात ठेवून मी नुसती औषधाची बाटली घेऊन गेले होते. इतवारी दार अडवून उभी राहिली. आतून पोरीचा श्वास ऐकू येत होता. तिने मला माझं नाव विचारलं. भाऊ, गेल्या वर्षी सोनीच्या वेळचं तिचं बाळंतपण मीच केलं होतं. मी म्हटलं, सीता.

ती म्हणाली, बाई, हे ह्या बारीचं नाव झालं, खरं कोनतं ते सांग.

सीता